सहा पुरुषांचा ‘आर्तासेर्से’: तीन सीड्या आणि एक तक्रार

केशवराव भोसल्यांनी शारदा रंगवली, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळं “सगळे पुरुषच गातात, बायकांची कामंसुद्धा” असं म्हणत मित्रानं ऑपेराचा, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाचा, हा संच दिला, तेव्हा मला त्यात नवल वाटेना. नवल ऐकल्यावर वाटलं.

लिओनार्दो विंची (चित्रकार वेगळा, हा नेपल्सच्या रंगभूमीवरचा संगीतकार) याचा हा ऑपेरा ४ फेब्रुवारी १७३० रोजी रोमच्या तेआत्रो देल्ले दामेमध्ये पहिल्यांदा झाला. संहिता कवी मेतास्तासिओची. पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर बंदी, म्हणून राजकन्या मान्दाने झाला फार्फालिनो. नायक आर्बाचे होता कारेस्तिनी. दोघंही लहानपणी खच्ची केलेले गवई. ती क्रूर पद्धत गेली ते बरंच झालं. विंची त्याच वर्षी मे महिन्यात वारला.

२०१२ च्या या ध्वनिमुद्रणात दिएगो फासोलिसच्या हाताखाली कॉन्चेर्तो क्योल्न हा वाद्यवृंद वाजवतो. पाच गायक बायकी उंच पट्टीतले, एक टेनर (नेहमीच्या पुरुषी आवाजाचा). राजकन्येचं काम चेंचिच करतो, तिचा भाऊ, नवा राजा आर्तासेर्से, झारुस्की. पण मैदान मारतो आर्बाचे झालेला फाजोली. पहिल्या अंकाच्या शेवटी आर्बाचे ‘वो सोल्कान्दो’ गातो: बापानं जुन्या राजाचा खून केलाय, रक्ताळलेली तलवार याच्या हाती सापडलीय, आणि बापाला वाचवायला हा गप्प. पद पहिल्या भागावर परत येतं तेव्हा फाजोली अशा ताना घेतो, की आमच्या थोरल्या काकांनी बसल्या जागी “वन्समोअर!” दिला. त्यांना म्हटलं, काका, इथं वन्समोअर चालीतच बांधलेला असतो!

तक्रार अशी, की पाच उंच आवाज लागोपाठ आले की कोण कुणाशी बोलतंय कळत नाही. रंगमंचावर निदान पोशाख दिसतो. हार्पसिकॉर्डवरचे (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) लांबलचक संवाद तर भाषांतर समोर नसेल तर जांभया आणतात. कांदा चिरता चिरता ऐकायची ही गोष्ट नव्हे. दुसऱ्या अंकात खुनी बापालाच मुलाचा न्याय करायला बसवतात, तिथं बाप झालेल्या टेनर बेलेचा जड आवाज कानाला आधार देतो.

पूर्ण संच घेण्याआधी पहिला अंक कुठंतरी ऐकून बघा. ‘वो सोल्कान्दो’ संपल्यावर हात आपसूक वर गेला नाही, तर उरलेल्या दोन अंकांच्या वाटेला जाऊ नका.