अल्बमचं मिक्सिंग: मॉनिटर स्पीकर घ्यावेत की ओपन-बॅक हेडफोन?

रेकॉर्डिंग संपलंय, गाण्यांचा क्रमही जवळपास ठरलाय आणि मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आणि गळ्याचे आवाज एकत्र जुळवणं, घरातल्याच खोलीत स्वतः करायचंय. पैसे मात्र एकाच गोष्टीला पुरणार आहेत. एक तर मॉनिटरची, म्हणजे मिक्स तपासायच्या स्पीकरची, बरी जोडी घ्या, नाही तर चांगले ओपन-बॅक, म्हणजे बाहेरच्या बाजूने उघडे असलेले, हेडफोन. मी दोन्हींवर मिक्स केलंय. ज्या कटकटीमुळे माझा कौल एका बाजूला गेला, ती सुटं एकच गाणं करताना फारशी जाणवत नाही. अल्बम करायला बसलं की ती पिच्छा सोडत नाही.

आधी मॉनिटरबद्दल, कारण त्यांची बाजू खरोखर भक्कम आहे. समोर दोन स्पीकर असले की डाव्या कानाला उजवा स्पीकरही ऐकू येतो, किंचित उशिरा आणि किंचित दबलेला. या सरमिसळीमुळेच गायक आपल्या समोर उभा असल्यासारखा वाटतो. हेडफोनवर ही सरमिसळ होत नाही. गायक डोक्याच्या आत गातो आणि पूर्ण डावीकडे टाकलेली गिटार त्या कानाला चिकटून बसते. बारीकसारीक रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची घुमारी, सुद्धा स्पष्ट ऐकू येत असल्यामुळे ते पुरेसं वाटतं. मग तेच मिक्स स्पीकरवर लावलं की गाणं कोरडं निघतं. गायकाचा आवाज साथीच्या किती वर ठेवायचा, हा निर्णय मी आजही मॉनिटरवर, आवाज अगदी बारीक ठेवून घेतो.

आता कटकट. माझी खोली साडेतीन मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की ४९ हर्ट्झ येतात. या सुराला खोली स्वतःच घुमते. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा जी, म्हणजे पांढरी पाच, नेमका ४९ हर्ट्झचा. खोलीच्या मध्याजवळ बसलं की तो सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीला टेकून ऐकलं की फुगतो. खुर्ची हातभर सरकवली तरी बेस बदलतो. त्याच जागेवरून दोन फ्रेट वरचा ए, ५५ हर्ट्झचा, पुष्कळच ठीक ऐकू येतो.

एका गाण्यापुरतं हे सांभाळून घेता येतं. पण अल्बममधली गाणी वेगवेगळ्या पट्ट्यांतली असतात. जी पट्टीतल्या गाण्यात षड्जच हरवतो, म्हणून बेसचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर जातो. ए पट्टीतल्या गाण्यात जाण्याचं कारण नसतं. दोन्ही गाणी सलग लावून बाहेर ऐकली की एकात बेस अंगावर येतो आणि दुसऱ्यात पार मागे राहतो. मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या सफाईत, हे निस्तरणं कठीण, कारण तिथे हातात फक्त स्टिरिओ फाइल असते. बेसला खाली ओढायला गेलं की किक ड्रमचा दमही जातो.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. पहिला फोमचा. ४९ हर्ट्झची लाट सात मीटर लांब असते. भिंतीवरच्या दोन इंची फोमचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. कोपरे भरून जाड बेस ट्रॅप, म्हणजे खालचे सूर शोषणारे गठ्ठे, लावले तर फरक पडतो, पण तो खर्च आणि ती जागा हिशेबात धरावी लागते. दुसरा उपाय रूम करेक्शन सॉफ्टवेअरचा, म्हणजे खोलीने बिघडवलेला आवाज मोजून स्पीकरकडे जाणारा आवाज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा. फुगलेले सूर ते छान खाली आणतं. हरवलेला सूर मात्र परत आणू शकत नाही. भिंतीवरून परतलेली लाट सरळ आलेल्या लाटेला खोडते. आवाज वाढवला की खोडणारी लाटही तितकीच वाढते, आणि ताण फक्त स्पीकरवर येतो.

हेडफोनवर खोली मध्ये येतच नाही. त्यांच्यात उणीव नाही असं नाही. ओपन-बॅकमध्ये ३०-४० हर्ट्झचा खर्ज पातळच ऐकू येतो. पण तो रोज तितकाच पातळ असतो. मार्चमध्ये केलेलं गाणं आणि जुलैमध्ये केलेलं गाणं यांची तुलना करता येते, आणि अल्बमला मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त हवी होती. यामाहाचे एनएस-१० हे स्पीकर १९७८ मध्ये आले, २००१ मध्ये बंद झाले. त्यांच्यात बेस नावापुरताच होता, तरी त्यांच्यावर असंख्य रेकॉर्ड मिक्स झाल्या, कारण काम करणाऱ्यांना त्यांचा स्वभाव पाठ होता. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोन मला त्याच कारणासाठी आवडतो. तो ३०० ओहमचा आहे, तेव्हा आपल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे संगणकाला जोडलेल्या आवाजाच्या पेटीत, त्याला पुरेल इतका जोर आहे का, ते आधी तपासा.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. हेडफोनवर आवाज नकळत चढत जातो. नायॉश या अमेरिकी संस्थेने ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा सुचवली आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८८ डेसिबलला चारच तास उरतात. मी सुरुवातीला नॉब ठरवतो आणि नंतर त्याला हात लावत नाही.

खोली मोठी असेल, ट्रॅप लावायची सोय असेल, किंवा संगीत मुख्यतः नाचण्याचं असेल, तर मॉनिटरच घ्या असं मीही म्हणेन. खात्री करायची तर मित्राचे स्पीकर दोन दिवस मागून आणा. नेहमीच्या जागी बसून बेसवर खालच्या ई पासून एक-एक फ्रेट वर जात सप्तकभर सूर सारख्या जोराने वाजवा. सगळे सूर साधारण सारखे ऐकू आले तर तुमची खोली भाग्याची आहे. मधलेच दोन-तीन गळाले, तर हेडफोन आधी घ्या. मॉनिटरची छोटी जोडी गायकाचा आवाज आणि रिव्हर्ब तपासायला पुढेमागे घेता येईल.