अण्णांच्या कॅसेटी, जोशींचं नाव आणि साडेतीन तारे

जुनी व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणारं सोलापुरात कुणी आहे का, हे गेल्या वर्षभरात मला निदान चौघांनी विचारलं. आहे. पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे, मागांच्या खडखडाटात एक आठ बाय दहाचा गाळा आहे. नाव मुद्दाम देत नाही. मालकानंच बजावलंय, "काका, एकटाच करूलालोय, नेटवर टाकू नका, झेपायचं नाही." ज्याला खरंच गरज असेल त्यानं मला विचारावं, मी पत्ता सांगतो.

आमच्या अण्णांची व्हिडिओ लायब्ररी होती. ती बंद झाल्यावर उरलेल्या कॅसेटी ट्रंकेत भरून माळ्यावर गेल्या. माळ्यावर पत्रा, आणि पत्र्याखाली सोलापूरचा मे महिना. अण्णा गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा अकरा कॅसेटी निघाल्या. चार लग्नाच्या, त्यातली दोन लग्नं कुणाची हे घरात कुणालाच ओळखता येईना. बाकी सातांवर अण्णांच्या अक्षरात, लाल शाईनं: 'बुनियाद – जोशी – १ ते ६', 'बुनियाद – जोशी – ७ ते १२', असं पुढं.

'बुनियाद' म्हणजे दूरदर्शनवरची जुनी हिंदी सिरियल. पण कॅसेटवर दिग्दर्शक रमेश सिप्पी नाही, नट आलोकनाथ नाही, जोशी! 'शोले'वाला माणूस टीव्हीवर आलाय हे गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर कॅसेट जास्त फिरली असती. पण अण्णांचं म्हणणं ठरलेलं: "सिनेमाला हिरो लागतो, सिरियलला लिहिणारा लागतो." आणि तो लिहिणारा मनोहर श्याम जोशी. आडनावावरून अण्णांनी पक्कं धरलेलं की हा आपला माणूस, पुण्याचा असणार. लायब्ररीत येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगत. प्रत्यक्षात जोशी कुमाऊँनी, घराणं अल्मोड्याचं, जन्म अजमेरचा, ९ ऑगस्ट १९३३. मी हे एकदा वर्तमानपत्रातलं कात्रण दाखवून सांगितलं, तर म्हणाले, "पूर्वज गेले असतील इकडनं."

आता कामाबद्दल. हा भाग चांगला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बहुतेक ठिकाणी कॅसेट घेतात, व्हीसीआरमध्ये ढकलतात आणि बुरशीवाली असली तर कॅसेटही जाते आणि मशीनचं हेडही, म्हणजे फीत वाचणारा भाग. हा तसं करत नाही. त्यानं प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रीळ बघितलं. दोन कॅसेटींच्या कडेला पिठासारखी पांढरी बुरशी होती. मागचे पाच स्क्रू काढून त्यानं डबी उघडली, रिळं अलगद उचलली, आणि धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फीत हातानं फिरवत पुसली. एका कॅसेटला सव्वा तास. मी स्टुलावर बसून बघत होतो. मग ती रिळं दुसऱ्या धडक्या डबीत घातली, कारण उन्हानं मूळ डबीचं प्लॅस्टिक वाकलं होतं. दर कॅसेटनंतर हेड साफ करतो. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई करता येत नाही, हे तो आधीच सांगतो. दर कॅसेटमागे २५० रुपये, बुरशीवालीला १०० जास्त. हाताच्या कामाला हे काहीच नाही.

आठवड्यानं पेनड्राइव्ह मिळाला. घरी टीव्हीला लावला आणि डोकं फिरलं.

पहिली गोष्ट, चित्र ताणलेलं. जुनं चौकोनी चित्र त्यानं आजच्या रुंद पडद्याला भरून टाकलं होतं. अनिता कंवरची लाजोजी कडक भाकरीसारखी पसरलेली. मास्टर हवेलीराम तर ओळखूच येईना, आणि ऐन तिशीतल्या आलोकनाथनं तो म्हातारा उभा केला होता तो काय असा रुंद दिसायला? बरं, हे एक बटण दाबून नीट होतं. दुसरी गोष्ट मात्र होणारी नव्हती. प्रत्येक भागाची सुरुवातीची आणि शेवटची नावं उडवलेली. भाग सुरू होतो तो थेट लाहोरच्या घरात, कुणीतरी वाक्याच्या मधेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, खोटं नव्हतं. लग्नाच्या कॅसेटवाले सगळे सांगतात, पुढचं-मागचं काढा, कामाचं तेवढं ठेवा. म्हणून त्यानं सवयीनं काढलं. वर म्हणाला, "नेटवर मिळती की काका ही सिरियल. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं परत लावली होती." मिळते, माहीत आहे. मला 'बुनियाद' नको होती, मला आमची कॅसेट पाहिजे होती, हे त्याला कसं सांगायचं ते त्या वेळी सुचलं नाही.

घरी येऊन परत बघत बसलो तेव्हा लक्षात आलं. त्या कॅसेटींत जाहिराती नाहीतच. अण्णा रेकॉर्ड करताना रिमोटची वायर हातात घेऊन बसायचे, जाहिरात आली की पॉज. कोरी कॅसेट तेव्हा महाग, मिनिटा-मिनिटाची काटकसर. असा माणूस दर भागाला नावांची दोन-अडीच मिनिटं वाया घालवत होता. सहा भागांत पंधरा मिनिटं! ती कापली असती तर प्रत्येक कॅसेटवर जवळजवळ आणखी एक भाग बसला असता. नाही कापली. त्यांना ते नाव यायला पाहिजे होतं. आणि अण्णा ज्याला पुण्याचा समजत, नेमकं त्याचंच नाव आमच्या पूर्व भागातल्या कारागिरानं कचऱ्यात टाकलं.

एवढं काय त्या नावात, असं वाटेल. ज्यांनी जोशींनीच लिहिलेली आधीची सिरियल 'हम लोग' बघितलीय त्यांना वाटणार नाही. ७ जुलै १९८४ला ती सुरू झाली तेव्हा आपल्याकडे रोजच्या माणसांची लांबलचक गोष्ट टीव्हीवर लिहायची कशी, हे कुणालाच माहीत नव्हतं. कल्पना आली मेक्सिकोवरून, माहिती-प्रसारण मंत्री राहिलेले वसंत साठे तिकडे जाऊन आले त्यातून, म्हणजे अण्णांना पाहिजे होता तसा एक मराठी धागा आहे, पण तो साठ्यांचा. कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायचा होता. सुरुवातीच्या भागांत तो इतका उघड होता की लोक कंटाळले. मग जोशींनी उपदेश खाली दाबला आणि घर वर आणलं. दारुडा बसेसर राम, राबणारी भागवंती, बडकी, मझली, छुटकी, नोकरी शोधणारा लल्लू, क्रिकेटवेडा नन्हे. दादीला कॅन्सर झाला तेव्हा आमच्या शेजारच्या मावशींनी खरोखर सिद्धेश्वराला नवस बोलला होता. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, त्यांच्याच ओट्यावर गर्दीत बसून बघायचो. भागाच्या शेवटी नट अशोककुमार येऊन बोलायचे, तोवर कुणी उठत नसे. त्यांना चार लाखांवर पत्रं आली म्हणतात. जोशींना किती आली ते कोण मोजतो?

आणि हा माणूस काही टीव्हीसाठी वाढलेला नव्हता. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये नोकरी केलेली, नंतर दिल्लीत 'साप्ताहिक हिंदुस्तान'चा संपादक. पहिली कादंबरी 'कुरु कुरु स्वाहा' पंचेचाळिशी ओलांडल्यावर, आणि तीही मुंबईवर. टीव्हीनंतरही कादंबऱ्या सोडल्या नाहीत. 'क्याप'ला साहित्य अकादमी मिळाली २००५ला, आणि ३० मार्च २००६ला गेले. 'मुंगेरीलाल के हसीन सपने', 'कक्काजी कहिन' हेही त्यांचंच, पण अण्णांच्या लेखी ते हलकं. 'बुनियाद' ती 'बुनियाद'. आजोबांनी १९३०चा सोलापूरचा मार्शल लॉ डोळ्यांनी बघितलेला, गांधी टोपी घातली म्हणून धरलेली माणसं बघितलेली. ते सहसा टीव्हीकडे पाठ करून बसत. हवेलीराम आला की मात्र खुर्ची वळवायचे.

असो. मालकानं कटकट न करता सातही कॅसेटी परत घेतल्या. कापलेल्याच फाइली ठेवल्या होत्या, मूळ पुसल्या होत्या, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. बारा दिवस लागले. पाचव्या कॅसेटची फीत दुसऱ्या वेळी चालवताना तुटली, ती त्यानं जोडली. तिथं लाजोजीचं एक वाक्य अर्धं राहतं. मूळ फाइल ठेवली असती तर ते वाचलं असतं, म्हणून दीड तारा कापतोय. जास्तीचे पैसे मागितले नाहीत, मी देत होतो तरी घेतले नाहीत.

जाणाऱ्यांनी एवढं करा: 'काहीही कापायचं नाही, चित्र चौकोनीच पाहिजे, मूळ फाइल महिनाभर ठेवायची' असं पावतीवर लिहून घ्या. कॅसेटी उन्हात स्कूटरच्या डिकीत घालून नेऊ नका. मी तेच केलं होतं.

पेनड्राइव्ह देताना त्यानं पहिला भाग लावून दाखवला. नावं आली. जोशींचं नाव आलं तसं त्यानं थांबवलं आणि विचारलं, "काका, हे पुण्याचे का?"

अल्मोड्याचे, म्हटलं. त्याचाही विश्वास बसला नाही. गुरुवारी दुकान बंद असतं.