केटो की जीएफओ: मराठवाड्यातल्या खाऱ्या टाकीसाठी काय बरं?

समुद्री माशांची टाकी लावून वर्ष होऊन गेलंय, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नीट चालतोय, आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार काढलेलंच पाणी वापरताय, मासे ठणठणीत आहेत आणि तरीही दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ चढतंय. अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथून पुढे बहुतेकांना दोन वाटा दिसतात. एक म्हणजे सम्पमध्ये, अर्थात मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, वेगळा कप्पा करून त्यात केटो (कीटोमॉर्फा हे दोऱ्यांसारखं हिरवं समुद्री शेवाळ) वाढवायचं आणि वाढेल तसं उपटून काढत राहायचं. दुसरी म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे पाणी आरपार खेळवणाऱ्या नळकांड्यात, जीएफओ, अर्थात फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाचे तपकिरी दाणे भरायचे. लातुरात माझ्या टाकीवर मी दोन्ही वापरून पाहिलंय.

तिसरी वाट नुसतं पाणी बदलत राहण्याची. तिचा हिशोब आधी करून टाकू. शेवाळाचं खाद्य म्हणजे पाण्यात साठणारं नायट्रेट आणि फॉस्फेट; इथले त्यांचे सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे. नायट्रेट ५० वर असेल आणि १० वर आणायचं असेल, तर एका दमात ८० टक्के पाणी बदलावं लागतं. दर वेळी १० टक्के बदलायचं म्हटलं तर पंधरा-सोळा वेळा, तेही मधल्या काळात नवं नायट्रेट तयारच होत नाही असं धरून. २०० लिटरच्या टाकीला दर वेळी २० लिटर आरओ पाणी, आणि तेवढं मिळवताना त्याच्या दुपटी-तिपटीनं पाणी मेम्ब्रेनमधून नाकारलं जाऊन बाहेर पडतं. पाणी बदलणं सोडू नका, क्षार आणि सूक्ष्म घटक भरून निघायला ते हवंच. पण साठलेलं नायट्रेट खाली आणायचं साधन म्हणून आपल्या भागात ते परवडत नाही.

आकड्यांबद्दल एक सांगतो. टाकीत केसाळ शेवाळ भरपूर आणि टेस्ट किट मात्र शून्य दाखवतंय, असं पुष्कळदा होतं. पाण्यात सुटलेलं फॉस्फेट शेवाळच पटकन उचलून घेतं, किटला उरलेलंच दिसतं. म्हणून मी अलीकडे किटपेक्षा काचेकडे जास्त पाहतो. पुसलेली काच किती दिवसांनी पुन्हा धूसर होते, त्यावरून पाण्यात किती खाद्य आहे याचा अंदाज येतो. ही काही शास्त्रशुद्ध मोजणी नव्हे, पण माझ्या टाकीत तरी हा अंदाज सहसा खरा ठरलाय.

आता फॉस्फेट किती खाली हवं? ०.०३ च्या आसपास ठेवा, असा आग्रह धरणारा सल्ला मुळात कठीण प्रवाळ पाळणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रपंखेही आहेत. ते आपल्या टाकीत नसावेत, हे मी मनापासून मानतो. मग उरतात क्लाउनफिश, डॅमसेल, एखादा टँग हे मासे, आणि मशरूम कोरल, लेदर कोरलसारखे मऊ जीव. यांना ०.१ फॉस्फेट आणि ५ ते २० नायट्रेट सहज चालतं. उलट दोन्ही शून्याला टेकवलं की तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव डोकं वर काढतात, आणि त्यांच्यापुढे केसाळ शेवाळ परवडलं असं म्हणायची पाळी येते. म्हणजे आपल्याला फॉस्फेट संपवायचं नाहीये, हळूहळू उतरवून एका पातळीवर धरायचंय. दोन्ही पर्याय याच मापानं तोलायला हवेत.

जीएफओचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायलाही हेच लोह हायड्रॉक्साइडचे दाणे वापरतात, आणि फॉस्फेटवर ते झपाट्यानं काम करतात. दिवा नको, सम्पमध्ये मोठी जागा नको. सिलिकेटही धरतात, त्यामुळे बेसॉल्टमधून येणाऱ्या आपल्या बोअरच्या पाण्यातलं जे काही सिलिकेट आरओमधून निसटतं आणि काचेवर डायटम हे तपकिरी सूक्ष्म शेवाळ आणतं, त्यालाही थोडा आळा बसतो. कुणाची जुनी टाकी मोडल्यावर दगड घेतले असतील आणि ते आत साठलेलं फॉस्फेट महिनोन्‌महिने सोडत असतील, तर तिथे जीएफओला तोड नाही, केटो अशा वेळी मागे पडतं. मात्र नायट्रेटला हे दाणे हातही लावत नाहीत. सुरुवातीला पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मेच घाला. फॉस्फेट एकदम कोसळलं की मऊ प्रवाळही आक्रसून बसतात, आणि केएच (पाण्याची क्षारीयता) ही थोडा उतरतो.

एवढं सगळं चांगलं असूनही माझं मन त्यावरून उडालं ते धुण्यामुळे.

दाणे रिअ‍ॅक्टरमध्ये भरले की त्यांची बारीक पूड सुटते. ती तशीच टाकीत गेली तर पाणी विटकरी होतं आणि दगडांवर गंजाचा थर बसतो. म्हणून रिअ‍ॅक्टरची नळी आधी बादलीत सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत दाणे धुवावे लागतात. पहिली बादली काव कालवल्यासारखी लाल होते. दुसरी फिकी होते. आता झालं असं वाटून पंप थोडा वाढवला की पुन्हा लाल लोट येतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरावं तर त्यातलंच सिलिकेट आणि फॉस्फेट धरून दाणे टाकीत जाण्याआधीच थोडे खर्ची पडतात. म्हणजे धुवायलाही आरओचंच पाणी, आणि त्या प्रत्येक बादलीमागे नाकारलेल्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या. हे एकदाच करायचं असतं तर मी तक्रार केली नसती. दाणे महिना-दीड महिन्यात संपतात आणि पुन्हा तेच सुरू. संपले हे डोळ्यांना दिसतही नाही, फॉस्फेट चढल्यावर कळतं.

पाणी बदलताना काढलेल्या जुन्या खाऱ्या पाण्यात दाणे धुवा, असंही सांगतात. तेही करून पाहिलं. चालतं, पण पाणी बदलायचा दिवस आणि दाणे संपायचा दिवस जुळवत बसावं लागतं, आणि शेवटचा हात आरओच्याच पाण्याचा द्यावासा वाटतो. धुतलेलं गोडं पाणी झाडांना घालता येतं, हे खरं. तरीही उन्हाळ्यात टँकरचं पाणी आरओमध्ये चढवून ते दाणे धुण्यासाठी बादलीत सोडणं मला जड जायचं. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून जलदूत रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते आठवणाऱ्या घरात छंदासाठी किती पाणी सांडायचं, याला एक मर्यादा आपोआप येते. पुण्या-मुंबईच्या कुणाला ही अडचण कदाचित इतकी मोठी वाटणार नाही. माझ्यासाठी तिथेच निकाल लागला.

केटोला धुवायचं काही नाही. मूठभर केटो सम्पच्या कप्प्यात टाकलं, वर रोपांसाठी मिळणारा एलईडी ग्रो लाइट लावला, पाण्याचा बेताचा प्रवाह ठेवला की गोळा फुगत जातो. अर्धा उपटून बाहेर काढायचा, त्याच्यासोबत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही घराबाहेर जातात. टँग असेल तर थोडं त्याला खायला, उरलेलं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या गावच्या छंदी माणसाला एसटीच्या पार्सलनं. झाडांच्या कुंड्यांत मात्र टाकू नका, मीठ असतं. दिवा रात्री चालू ठेवायचा. मुख्य टाकीचे दिवे बंद असताना केटो कार्बन डायऑक्साइड घेत राहतं, त्यामुळे पहाटे पीएच जेवढा घसरायचा तेवढा घसरत नाही.

मात्र ते सावकाश काम करतं. पहिल्या महिन्यात काही घडतंय असं वाटतच नाही, आणि दगडावरचं जुनं शेवाळ हातानं उपटणं चालूच ठेवावं लागतं. टर्बो गोगलगाई असतील तर त्यांची मदत होते. माझ्याकडे फरक दिसला तो काचेवर: पूर्वी दिवसाआड पुसायची काच आता आठवडाभर तशीच राहिली तरी चालतं.

त्याची खरी मर्यादा वेगळी आहे, आणि ती आधी माहीत असलेली बरी. समुद्रतळावर वाढणाऱ्या वनस्पतींत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण साधारण ५५०:३०:१ असतं, असं अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. आपल्या किटच्या भाषेत सांगायचं तर एक भाग फॉस्फेट उचलायला केटोला सुमारे वीस भाग नायट्रेट लागतं. तुमच्याकडे नायट्रेट १० आणि फॉस्फेट १ असेल, तर नायट्रेट आधी संपेल, निम्मं फॉस्फेट तसंच राहील आणि उपाशी केटो पांढरं पडून विरघळायला लागेल. तेव्हा दोन्ही मोजून मगच ठरवा. नायट्रेट भरपूर असेल, आणि भरपूर खाऊ घालणाऱ्यांच्या टाक्यांत ते असतंच, तर केटो जोमानं वाढतं.

केटोऐवजी कॉलर्पा हे दुसरं समुद्री शेवाळ लावा असं कुणी सुचवलं तर मी टाळा म्हणेन. ते कधी कधी एका रात्रीत जननपेशी सोडून पांढरं पडतं आणि साठवलेलं सगळं पाण्यात परत ओततं. शिवाय १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर मत्स्यालयातून निसटलेलं म्हणून जे शेवाळ पुढे भूमध्य समुद्रात पसरलं, ते याच कुळातलं.

आपल्याकडच्या विजेचा विचार दोन्हीकडे करावा लागतो. वीज गेली की रिअ‍ॅक्टरचा प्रवाह थांबतो, दाणे बसतात आणि कधी त्यांचे गठ्ठे होतात. केटोचं काही बिघडत नाही, पण साधा फिरत्या चकतीचा टायमर प्रत्येक वेळी तेवढा मागे पडतो आणि काही आठवड्यांत रात्रीचा दिवा भलत्या वेळी लागायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, प्रश्न मिटतो. उन्हाळ्यात आपल्या कोरड्या हवेत पाण्यावर सोडलेला पंखा टाकी चांगली गार ठेवतो, दमट किनारपट्टीवर तो इतका उपयोगी पडत नाही. त्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. मे महिन्यात रोजची घट भरण्यातच आरओचं पाणी संपून जातं, आणि नेमकं तेव्हाच दाणे धुवायला आलेले असतात.

सम्प नसेल, मागे अडकवायचा छोटा फिल्टरच असेल, किंवा फॉस्फेट सोडणारे दगड असतील, तर जीएफओ घ्या. त्यात काही चूक नाही. सम्पमध्ये वीतभर जागा असेल तर माझा कल केटोकडे आहे. दुकानातून आणण्यापेक्षा कुणाच्या चालत्या टाकीतून मूठभर मागा, आणि टाकण्याआधी टाकीच्याच पाण्यात जोरात हलवून एप्टेशिया (झपाट्यानं पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) किंवा केसाळ शेवाळाचे धागे अडकलेले नाहीत ना ते पाहा. पंपाच्या तोंडाशी जाळी लावा, सुटे धागे तिकडेच जातात. जीएफओसाठी रिअ‍ॅक्टर घेतलेला असेल तर विकू नका. त्यात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरा. केटोमुळे पाण्याला जी पिवळसर झाक येते ती त्यानं जाते, आणि कार्बन धुवायला अर्धी बादली पुरते.