आमच्या वस्तीतील अंगणवाडी: दोन वर्षांचा अनुभव

जून 2023 मध्ये मोठ्या मुलीला पूर्वप्राथमिकसाठी कोठे घालावे, हा प्रश्न आमच्या घरी आला, तेव्हा जवळच्या खासगी नर्सरीने वर्षाचे 18,000 रुपये सांगितले. गणवेश आणि वह्या वेगळ्या. मी छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करते, यजमान रिक्षा चालवतात, आणि घरात तेव्हा दुसऱ्या बाळाची चाहूल लागलेली होती, त्यामुळे निर्णयाला फार वेळ लागला नाही. नाशिकमधील आमच्या वस्तीत अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणतात. दोन वर्षांनंतर माझे मत असे आहे की शाळा म्हणून ती बेताची आहे. मात्र लहान मूल असलेल्या घराला तिच्याइतका आधार देणारे दुसरे ठिकाण आमच्या आसपास नाही.

अंगणवाडी ज्या योजनेतून चालते, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि तिच्यात सहा सेवा एकत्र बांधलेल्या आहेत: पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार दवाखान्यात पाठवणे आणि मातांना आहार-आरोग्याचे मार्गदर्शन. म्हणजे शाळा हा तिचा सहावा हिस्सा झाला, आणि बहुतेक पालक तेवढ्यावरूनच तिला जोखतात. मीही आधी तेच करत होते. ‘अंगणवाडी’ ही कल्पना योजनेपेक्षा जुनी असून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1945 पासून पालघर जिल्ह्यातील बोर्डीला, पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात ती रुजली. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, असा तो सरळ विचार होता. आमच्या अंगणवाडीला अंगण नाही, ही गोष्ट वेगळी. दहा बाय बाराची भाड्याची खोली आहे, तिच्या एका कोपऱ्यात धान्याच्या कोठ्या आणि नोंदवह्यांचे कपाट आहे, आणि मुलांना शौचालयासाठी शेजारच्या घरी न्यावे लागते.

तरीही मुलगी तेथेच राहिली, याचे कारण वजनकाटा. दर महिन्याला मुलाचे वजन करून ते वाढीच्या तक्त्यावर ठिपक्याने मांडले जाते. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कमी वजन. फेब्रुवारी ते एप्रिल 2024 असे तीन महिने माझ्या मुलीचा ठिपका 13 किलोवरच थांबला. मूल खेळत होते, हसत होते, आम्हाला काहीच खटकले नव्हते. एका संध्याकाळी सेविका घरी आल्या, तक्ता चुलीशेजारी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “ताई, वय पुढं जातंय आणि रेघ आडवी चाललीय. आणखी एक महिना असंच राहिलं तर पोर पिवळ्यात जाईल.” दंडाभोवती त्यांनी पट्टी गुंडाळली, घेर 14 सेंटिमीटर भरला. 11.5 सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण धरतात, त्यामुळे धोका नव्हता. त्यांनी महापालिकेच्या दवाखान्यात जंतांसाठी दाखवायला सांगितले, दोन जेवणांच्या मध्ये शेंगदाण्याचा लाडू द्यायला सांगितला, आणि भातावर तेल-तूप घालताना हात आखडू नका, असे बजावले. ऑगस्टमध्ये वजन 14 किलो भरले. 18,000 रुपये घेणाऱ्या नर्सरीत कोणी माझ्या मुलीला काट्यावर उभे केले असते, असे मला वाटत नाही.

आहाराविषयी मात्र दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळणारा गरम ताजा आहार आमच्याकडे महिला बचत गटाकडून येतो, आणि मटकीची उसळ असते त्या दिवशी मुलगी डबा चाटूनपुसून आणते. खिचडी कधी पातळ, कधी गार असते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने या मुलांना दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनांचा हक्क दिला आहे, पण मुलामागे 8 रुपयांचा दर ठरला तो 2017 साली, आणि त्या आठ रुपयांत आजच्या भावाने काय शिजते, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही कळेल. धाकट्या मुलाला मिळणारा घरपोच आहार, म्हणजे पाकिटातील तयार पीठ, त्याने दोनदा तोंडातून बाहेर काढले. मी ते गूळ घालून तव्यावर धिरड्यासारखे करते, तेव्हा खाल्ले जाते.

शिकवणे बेताचे म्हटले ते अशासाठी की गाणी, गोष्टी, बाटल्यांच्या झाकणांवर मोजणी हे सगळे होते आणि चांगले होते, परंतु आठवड्यातील दोन दिवस तरी सेविकांचे डोके मोबाइलमध्ये असते. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर हजेरी, वजन, आहार, गृहभेट, सगळे भरावे लागते. आता घरपोच आहारासाठी आईच्या चेहऱ्याची पडताळणीही लागते. माझ्या आधारला यजमानांचा मोबाइल जोडलेला, ते रिक्षा घेऊन स्टँडवर, आणि ओटीपी त्यांच्याकडे! तीन दिवस मी आणि सेविका त्या एका आकड्याच्या मागे होतो, आणि तेवढा वेळ वीस मुले मदतनीस बाईंच्या भरवशावर पाटीवर रेघोट्या ओढत बसली. हा दोष सेविकांचा नाही. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या, तेव्हा महिनाभराहून अधिक काळ खोलीला कुलूप होते आणि माझी कामावर जाताना पुरती तारांबळ उडाली. पण त्या काळात त्यांना पगार नव्हे, ‘मानधन’ मिळते, हे मला पहिल्यांदा नीट समजले.

ज्यांना मूल घालायचे आहे त्यांनी आधी आईच्या आधारला आईचाच मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा. घरपोच आहाराची निम्मी कटकट तेथेच संपते. सोबत मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड न्यावे. वेळ आमच्याकडे सकाळी दहा ते दुपारी एक अशी आहे, त्यामुळे दिवसभर कामावर असणाऱ्या आईला दुपारची सोय वेगळी करावी लागते. मला सासूबाईंचा आधार होता. मुलाला झाकणाचा डबा आणि स्वतःचा चमचा द्यावा. आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन वाढीचा तक्ता पाहायला मागावा; तो दाखवायला आमच्या सेविकांनी कधी आढेवेढे घेतले नाहीत.