बालगंधर्वांची म्हणून घेतलेली पैठणी

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी एक अंजिरी रंगाची पैठणी ८५,००० रुपयांना विकत घेतली. बालगंधर्वांनी ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणीच्या भूमिकेत ती नेसली होती, अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. खरे सांगायचे तर त्यातली अर्धी समजूत मी स्वतःच करून घेतली होती, आणि हा अनुभव लिहून काढावासा वाटला तो त्यामुळेच.

संगीत नाटकांची जुनी हस्तपत्रके आणि ध्वनिमुद्रिका जमवण्याचा मला बऱ्याच वर्षांपासून नाद आहे. ज्या विक्रेत्याने मला फसवले, त्याच्याकडून मी आधी दोन तबकड्या घेतल्या होत्या आणि त्या दोन्ही अस्सल निघाल्या होत्या. त्यामुळे ‘गंधर्व कंपनीच्या कपडेपटातली साडी हाती आली आहे’ असा निरोप आणि चार छायाचित्रे त्याने पाठवली, तेव्हा शंका घ्यावी असे मनातसुद्धा आले नाही. कंपनी कर्जात बुडाली तेव्हा कपडेपट सांभाळणाऱ्या एका माणसाला थकलेल्या पगारापोटी ही साडी मिळाली आणि त्याच्या नातवाने ती आता विकायला काढली, अशी हकीकत त्याने सांगितली. ही हकीकत मला ठाऊक असलेल्या इतिहासात चपखल बसत होती. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने वेशभूषेवर आणि रंगमंचाच्या थाटावर हात राखून कधी खर्च केला नाही. बालगंधर्वांची साडी नेसण्याची, अंबाडा घालण्याची ढब त्या काळच्या घराघरांतल्या स्त्रियांनी उचलली होती आणि मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला होता, हेही सर्वश्रुत आहे. इतिहास खरा असला म्हणून त्याच्या आधाराने सांगितलेली गोष्ट खरी ठरत नाही, एवढे साधे भान मला राहिले नाही.

त्यानंतर त्याने फोनवर विचारले, “साहेब, तुम्ही यातले जाणकार. तुम्हाला ही कुठल्या नाटकातली वाटते?” या प्रश्नाने मी सुखावलो आणि अर्धा तास बोलत राहिलो. ‘एकच प्याला’तली सिंधू दारिद्र्यात दळण दळणारी, तेव्हा एवढी भरजरी साडी तिची असणे कठीण, ‘मानापमान’मधल्या भामिनीची असू शकेल, पण पदराचा थाट पाहता रुक्मिणीच म्हणायला हवी, असा निष्कर्ष मी मोठ्या ऐटीत काढला. दोन दिवसांनी मला लॅमिनेट केलेले ‘प्रमाणपत्र’ मिळाले आणि त्यावर ‘स्वयंवर, रुक्मिणी’ असे छापलेले होते. माझेच बोलणे शिक्का मारून मला परत आले होते आणि मी मात्र त्याला पुरावा समजलो. त्या कागदावर प्रयोगाचे साल १९१२ दिले होते. ‘स्वयंवर’ रंगमंचावर आले ते १९१६ मध्ये, आणि १९१२ मध्ये तर गंधर्व मंडळीच अस्तित्वात नव्हती. ही चूक मला दिसली होती. ‘म्हाताऱ्या माणसाच्या सांगण्यात सालाची गफलत व्हायचीच’ असे म्हणून मी ती स्वतःच पोटात घातली. त्यात मुंबईचा एक संग्राहक दुसऱ्याच दिवशी साडी पाहायला येणार असल्याचेही मला सांगण्यात आले, आणि मी त्याच रात्री पैसे पाठवले.

साडी घरी आल्यावर माझ्या थोरल्या बहिणीने ती हातात घेतली, खालचा काठ उलटा करून पाहिला आणि विचारले, “अरे, हिला फॉल लावून काढलेला दिसतोय. नऊवारीला फॉल कोण लावतं?” काठाच्या कडेने सुईची बारीक भोके शेवटपर्यंत ओळीने गेलेली होती आणि एका ठिकाणी तुटक्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला होता. विक्रेत्याला विचारले तेव्हा, पुढे घरातल्या सुनेने सहावारी करून वापरली असेल, असे तयार उत्तर आले. शेवटी मी ती साडी येवल्याच्या एका विणकराकडे नेली. त्यांनी पुढची बाजू पाहिलीच नाही, थेट पदर पालथा केला. हातमागाच्या अस्सल पैठणीत पदरावरचे मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसतात. माझ्या साडीच्या पाठीला मोरांभोवती कापलेल्या धाग्यांची नुसती लव होती. मग त्यांनी जरीचा एक धागा सोडवून काडेपेटीच्या ज्योतीवर धरला, तर तो आक्रसून त्याची काळी, कडक गोळी झाली. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते. रेशीम जळाले तरी तार मागे राहते. ही जर प्लास्टिकची होती, आणि असली जर १९१६ मध्ये कोणाच्याही साडीत असणे शक्य नव्हते. एवढी तपासणी व्हायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने शांतपणे पावती वाचायला सांगितली. पावतीवर ‘जुनी रेशमी साडी, नग १’ एवढेच लिहिले होते. बालगंधर्वांचे नाव फक्त त्या प्रमाणपत्रावर होते आणि प्रमाणपत्रावर कोणाचीही सही नव्हती. पोलिसांत तक्रार दिली तेव्हाही पहिला प्रश्न हाच आला, की बालगंधर्वांची म्हणून विकल्याचे लेखी कुठे आहे? नाटकासंबंधीचे सगळे बोलणे फोनवर झाले होते आणि त्यातले बहुतेक मीच बोललो होतो. तक्रार नोंदवून घेतली गेली आहे, रक्कम अद्याप मिळालेली नाही.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका परिचितांचा फोन आला. त्यांना त्याच विक्रेत्याने एका जरीच्या शेल्याची छायाचित्रे पाठवली होती, किंमत अजून सांगितलेली नव्हती. तो शेला कोणत्या नाटकातला असावा, एवढेच त्याने त्यांना विचारले होते. ते उत्तर लिहायला बसले होते.