काश्मिरी लोकरीची ओळख करून देणारा मुलांचा संच: लोकर अव्वल, पुस्तिका सदोष

काश्मिरी लोकर आणि ती देणाऱ्या शेळ्या यांची मुलांना ओळख करून देणारा एक संच मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी घेतला आणि तिने तो गेले तीन आठवडे मनापासून वापरला. पेटीत कच्ची लोकर, साफ केलेली लोकर आणि कातलेला धागा यांच्या तीन पिशव्या, एक लाकडी फणी, एक चिमटा, एक टकळी, काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि सचित्र पुस्तिका एवढे साहित्य आहे. यातली लोकर खरी आणि उत्तम प्रतीची आहे, पण पुस्तिकेत मात्र दोन अशा चुका आहेत की ज्यांकडे पालकांनी दुर्लक्ष करू नये.

संचाची खरी किंमत त्या पहिल्या पिशवीत आहे. शेळीच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात, वरचे लांब व राठ आणि त्यांच्या मुळाशी दडलेली बारीक लव, हे वाक्य मुलांना कितीही वेळा सांगितले तरी त्याचा अर्थ हातात घेतल्याशिवाय उमगत नाही. मुलीने कच्च्या लोकरीचा पुंजका काळ्या पुठ्ठ्यावर पसरला आणि चिमट्याने एकेक राठ केस उपसायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तिच्याजवळ बोराएवढा मऊ गोळा जमला. तो तिने मुठीत धरला आणि थोड्याच वेळात तळहात गरम झाल्याचे आपणहून सांगितले. तंतू अतिशय बारीक आणि नागमोडी असल्याने त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते व अंगाची ऊब बाहेर जात नाही, हे समजावून सांगायला याहून चांगली वेळ मला मिळाली नसती. लडाखच्या शेळीचा हा तंतू साधारण 12 ते 15 मायक्रॉन जाडीचा असतो आणि माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. मुलीने स्वतःचा एक केस शेजारी ठेवून भिंगातून दोन्हींची तुलना केली. भिंग पेटीत नाही, ते आपले आपण आणावे लागते.

तीन संध्याकाळी बसून तिने साफ केलेली लोकर काट्यावर जेमतेम 2 ग्रॅम भरली. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे एका शेळीपासून वर्षाकाठी साफ केलेली लोकर सुमारे 150 ते 200 ग्रॅमच मिळते आणि मोठ्या माणसाच्या एका स्वेटरला तीन-चार शेळ्यांची लोकर लागते. हा हिशेब तिने वहीत मांडला, तेव्हा ही लोकर इतकी महाग का असते हा प्रश्न तिला कुणाला विचारावा लागला नाही.

पुस्तिकेतला शेळ्यांचा भाग मोठ्या आस्थेने लिहिलेला आहे. लडाख आणि तिबेटमध्ये पसरलेले, चार हजार मीटरहून अधिक उंचीवरचे चांगथांगचे पठार, तिथे उणे तीस अंशांच्याही खाली जाणारी थंडी, आणि दिवस लहान होऊ लागले की शेळीच्या अंगावर लव वाढू लागते व वसंतात ती आपोआप सुटू लागते, हे सारे सोप्या भाषेत आले आहे. लव लडाख आणि तिबेटच्या पठारांवरची, पण ती कातून विणण्याचे कसब काश्मीरचे, म्हणून जगात नाव काश्मीरचे झाले, ही गोष्ट एका नकाशातून फार सुरेख उलगडली आहे. आज सर्वांत जास्त उत्पादन चीनमध्ये आणि त्याखालोखाल मंगोलियात होते, हेही त्याच नकाशावर दिसते. शेळ्यांची संख्या फार वाढली की मंगोलियातली कुरणे उघडी पडतात, हा मुलांसाठी अवघड वाटणारा मुद्दाही टाळलेला नाही. श्रीनगरच्या कृषी विद्यापीठात 2012 साली जन्मलेल्या ‘नूरी’ या क्लोन केलेल्या पश्मिना (म्हणजे हीच बारीक लव देणाऱ्या) शेळीचे पान माझ्या मुलीने तीनदा वाचले.

आता चुकांविषयी. लोकर कशी काढतात हे दाखवणाऱ्या पानावर लडाखचे नाव घालून मोठ्या कात्रीने पार भादरलेली शेळी रंगवली आहे. काही देशांत शेळ्यांची लोकर कातरतात हे खरे, परंतु लडाखमधील चांगपा पशुपालक सुटू लागलेली लव फणीने विंचरून काढतात, आणि संचात फणी दिली आहे तीही त्याचसाठी! दुसरी चूक अधिक गंभीर आहे. खरी पश्मिना शाल अंगठीतून आरपार जाते, असे सांगून तिलाच शहातूश म्हटले आहे. शहातूश शेळीपासून मिळतच नाही. ती चिरू या तिबेटी हरणासारख्या वन्य प्राण्याची लोकर आहे, तिच्यासाठी त्या प्राण्याला ठार मारावे लागते आणि म्हणूनच तिच्या व्यापारावर बंदी आहे. शेळीला न मारता मिळणारी लोकर आणि शिकारीतून मिळणारी लोकर यांतला फरक मुलांच्या पुस्तिकेत तरी पुसला जाऊ नये, असे मला फार तीव्रतेने वाटते. या दोन्ही चुका मी निर्मात्यांना पत्राने कळवल्या आहेत, आणि सुधारित आवृत्ती येईपर्यंत ही पाने मोठ्यांनी सोबत बसून वाचावीत.

टकळी या तंतूंच्या मानाने जड आहे. लव आखूड असल्याने धागा सतत तुटतो आणि लहान मूल हिरमुसते. आम्ही पेन्सिलीएवढ्या हलक्या काडीला मातीची लहान चकती लावून टकळी केली, तेव्हा कुठे वीतभर धागा निघाला. काश्मीरमधील कातणाऱ्या स्त्रिया कातण्याआधी लवेला तांदळाचे पीठ लावतात, ही पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची माहितीही इथे उपयोगी पडली. आठ वर्षांखालील मुलांना चिमट्याचे काम जमणे कठीण आहे. शिल्लक कच्ची लोकर हवाबंद डब्यात ठेवावी, नाहीतर तिला कसर लागते.