मिक्स कतरणींची एक किलोची बॅग: स्टीमपंक शिवणाऱ्यांनी घ्यावी का?

कॉस्च्युम शिवणाऱ्यांसाठी ऑनलाइन जी मिक्स कतरणींची बॅग मिळते ना, सोफ्याचं कापड, मखमल, ब्रोकेड, रेक्झिन, अस्तर असं सगळं एकत्र कोंबलेली, ती मी खास स्टीमपंकच्या (म्हणजे १९व्या शतकातल्या व्हिक्टोरियन इंग्लंडचे कपडे आणि वाफेची यंत्रं, चाकं यांच्या कल्पनेतून केलेल्या पोशाखांच्या) कामासाठी मागवली होती आणि आता बरीचशी वापरून झालीय म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आधीच सांगून टाकते, अख्खा कोट नाहीतर घेरदार स्कर्ट काढायचा असेल तर ही बॅग घेऊ नका. पण स्पॅट्स (बुटाच्या वर घालायची कापडी झाकणं), कफ, कॉलर, कॉर्सेटचा (दोरीने आवळून कमरेला घालायच्या चोळीचा) वरचा थर, पाउच, खिशाच्या पट्ट्या, पायपिंग (शिवणीत घालायची गोल किनार) यासाठी मला तरी याच्याइतकं कामाचं दुसरं काही मिळालेलं नाही, कारण स्टीमपंकचा सगळा थाटच छोट्या छोट्या भागांत असतो, आणि चार-पाच वेगळ्या पोतांची कापडं एकाच पोशाखात दिसली की तो लगेच भारी वाटायला लागतो. नवीन कापडातून एवढे पोत जमवायचे तर प्रत्येकाचं निदान अर्धा मीटर तरी घ्यावं लागतं आणि त्यातलं निम्मं परत कपाटात जाऊन पडतं.

बॅगेत नक्की काय आलं ते सांगते. सगळ्यात जास्त होतं सोफ्याचं जाड विणीचं कापड, बहुतेक सॅम्पल बुकातले (दुकानात नमुने दाखवायच्या पुस्तकातले) चौकोन, कडा झिगझॅग कापलेल्या. त्याखालोखाल अस्तराचं सॅटिन, खरं तर गरजेपेक्षा जरा जास्तच. मग मखमल, ब्रोकेड, थोडं कॉर्ड्युरॉय, लोकरीचं ट्वीडसारखं कापड आणि रेक्झिनचे लांबुळके तुकडे. विकणाऱ्यांनी वर्णनात फक्त वजन दिलंय, तुकड्यांचं माप कुठेच दिलेलं नाही, आणि ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. आपल्याला वजनाशी काय करायचंय, सगळ्यात मोठा तुकडा केवढा आणि उभा धागा कुठल्या दिशेला हे महत्त्वाचं. मखमलीचे काही तुकडे चक्क तिरके कापलेले होते आणि रेक्झिन घडी घालून पाठवलेलं, त्या घड्यांच्या रेषा शेवटपर्यंत गेल्या नाहीत. रेक्झिन गुंडाळून पाठवायला हवं एवढं तर विकणाऱ्याला कळायला पाहिजे.

बॅग उघडल्यावर पहिलं काम म्हणजे कुठला तुकडा कशाचा आहे ते ओळखणं, कारण लेबल कशावरच नसतं. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरायचे, खाली धातूची ताटली, बाजूला पाणी, आणि जाळून बघायचे. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख राहते, लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हे एवढ्यासाठी सांगतेय की पुढे इस्त्री किती गरम ठेवायची, कापडाला कडकपणा द्यायला मागून लावतात तो कॅनव्हास इस्त्रीने चिकटवायचा की शिवून लावायचा, हे सगळं त्यावर ठरतं. सोफ्याच्या काही कापडांना मागून रबरासारखा लेप असतो, त्यावर मागून गरम इस्त्री फिरवली तर तो इस्त्रीलाच चिकटतो, तेव्हा तो तुकडा वेगळाच काढून ठेवा, त्याचे पाउच आणि पट्टे छान कडक होतात.

आता कशाचं काय केलं.

कॉर्सेट सगळ्यात आधी, कारण कतरणींसाठी कॉर्सेटसारखं काहीच नाही. तो मुळातच अरुंद उभ्या पॅनलांचा असतो, कमरेच्या आखूड कॉर्सेटचा एक पॅनल साधारण ३० सेंमी उंच आणि ८ ते १० सेंमी रुंद, एका बाजूला पाच-सहा पॅनल. म्हणजे सॅम्पल बुकातल्या एका चौकोनात दोन पॅनल आरामात बसतात. अट एकच, ताण घेणारा आतला थर कतरणींचा नको. तो कूटिल (कॉर्सेटसाठीचं घट्ट, न ताणणारं कापड) किंवा घट्ट विणीच्या सुती कॅनव्हासचा, सगळे पॅनल एकाच कापडातून आणि उभ्या धाग्यावर कापलेले, कारण कमरेला ओढ बसते ती तिथे. वरचा थर फक्त दिसायला, त्यामुळे तिथे एक पॅनल मखमलीचा, एक ब्रोकेडचा, एक कॉर्ड्युरॉयचा असं बिनधास्त चालतं. दोन्ही थर आधी कडेने कच्च्या टाक्याने जोडून घ्यायचे आणि मग ते एकच कापड आहे असं समजून शिवायचं. आयलेटची (दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांची) भोकं कापायची नाहीत, आरीने धागे बाजूला सारून भोक मोठं करायचं, म्हणजे धागे तुटत नाहीत आणि दोरी आवळल्यावर आयलेट उपटून येत नाही.

मखमलीबद्दल थोडं थांबून सांगावंच लागेल. मखमलीला लव असते, वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत आणि खालून वर फिरवला तर खरखरीत लागते, आणि दिशा बदलली की एकच रंग गडद किंवा फिका दिसतो. तुकडे वेगवेगळ्या दिशांनी कापलेले असतील तर दोन कफ दोन रंगांचे दिसतील. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढून ठेवा, लव ज्या दिशेला झुकते तिकडे. शिवताना वरचा थर पुढे सरकतो, तेव्हा नुसत्या टाचण्यांवर न राहता हाताने धावदोरा घाला, मशीनला वॉकिंग फूट (दोन्ही थर सारखे पुढे नेणारा फूट) असेल तर उत्तमच. आणि सुलट बाजूवर इस्त्री अजिबात टेकवू नका, लव दबली की दबली. दुसरा मखमलीचा तुकडा सुलटा पसरायचा, त्यावर आपला तुकडा पालथा ठेवायचा आणि वरून फक्त वाफ द्यायची. चिकटवायचा कॅनव्हास पण मखमलीला नको, शिवायचाच लावा.

ब्रोकेडचं दुखणं वेगळं, ते उसवतं. कापल्या कापल्या कडेचे धागे सुटायला लागतात आणि अर्ध्या सेंटीमीटरची शिलाई मार्जिन बघता बघता संपते. मी कापायच्या आधीच मागून पातळ चिकटणारा कॅनव्हास लावते, मग पॅटर्न ठेवून कापते, आणि मार्जिन दीड सेंमी ठेवते. या बॅगेतलं ब्रोकेड वेस्टकोटच्या पुढच्या भागाला पुरलं, आणि त्यात कंजुषी केल्यासारखं पण वाटत नाही, कारण १९व्या शतकातल्या वेस्टकोटातही भारी कापड फक्त पुढे आणि मागे साधं अस्तराचं कापड, त्याला घट्ट करायला छोटी पट्टी आणि बक्कल, हीच रीत होती. जास्तीचं आलेलं सॅटिन तिथेच खपलं.

रेक्झिनला टाचणी लावलीत की भोक कायमचं, त्यामुळे क्लिपा वापरा. टाका ३ ते ४ मिमीचा, बारीक टाका घातला तर तिकिटासारखी भोकं पडून कापड तिथेच फाटतं. फूट चिकटत असेल तर टेफ्लॉनचा फूट, नसेल तर वर पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा. लांबुळक्या तुकड्यांचे बाहीचे पट्टे, गॉगलचा पट्टा आणि पाउचची झाकणं झाली. त्या घड्यांच्या रेषा मी मुद्दाम पाउचच्या मागच्या बाजूला घेतल्या.

स्पॅट्स ट्वीडचे करा. एका पायाचे दोन-तीन तुकडे, बुटाच्या वर बसणारे, बटणं बाहेरच्या बाजूला, तळव्याखालून एक पट्टी. लोकरीचं कापड वाफेने आधी आटवून घ्या म्हणजे झालं.

उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेल्या) पट्ट्यांचा हिशोब बऱ्याच जणांना माहीत नसतो. २५ सेंमीचा चौकोन घेतला आणि ४ सेंमी रुंदीची सलग उरेब पट्टी काढली तर जवळजवळ दीड मीटर निघते, सरळ क्षेत्रफळाला रुंदीने भागायचं. सॅटिनच्या एका तुकड्यातून आत सुतळी घालून केलेली पायपिंग कॉर्सेटच्या शिवणींत घातली की वेगवेगळे पॅनल एकाच कुटुंबातले वाटायला लागतात, आणि माझ्या मते तुकड्यांचं काम ठिगळासारखं दिसणं किंवा मुद्दाम केलेलं दिसणं, फरक बहुतेक या पायपिंगनेच पडतो. पायपिंगचा रंग सगळीकडे एकच ठेवा.

रंगांवरून आठवलं, बॅगेत जांभळे आणि भडक गुलाबी तुकडे निघाले की लोक ते बाजूला टाकतात, स्टीमपंक म्हणजे तपकिरीच असा समज झालाय. पण विल्यम पर्किनला मॉव्ह हा जांभळा कृत्रिम रंग सापडला १८५६ मध्ये, त्याच्या मागोमाग मजेंटा आला, आणि व्हिक्टोरियन बायका असले झगझगीत रंग हौसेने घालत होत्या. तांब्याच्या बटणांशेजारी गडद जांभळी मखमल काय दिसते ते एकदा लावून बघाच!

आणि अगदी वेडेवाकडे, तिरके, कशातच न बसणारे तुकडे उरतात त्यांच्यासाठी क्रेझी क्विल्ट. १८८०च्या दशकात अमेरिकेत याचं खूळच पसरलं होतं, रेशीम आणि मखमलीचे वाकडेतिकडे तुकडे एका साध्या सुती कापडावर लावत जायचे आणि प्रत्येक जोडावर फेदर स्टिच नाहीतर हेरिंगबोनचं भरतकाम. खालचं सुती कापड सगळं पेलतं म्हणून वरच्या तुकड्याचा धागा कुठल्याही दिशेला असला तरी बिघडत नाही, म्हणूनच ते तिरके कापलेले मखमलीचे तुकडे मला इथे वापरता आले. मी आखूड जाकिटाची पाठ अशी केली, जोडांवर जुन्या सोनेरी रंगाच्या जाड दोऱ्याने फेदर स्टिच, मध्ये मध्ये छोट्या पितळी चकत्या टाकून. लोक सजावटीची दातेरी चाकं नुसती डिंकाने चिकटवतात ते मला आवडत नाही, पण भरतकामात अडकवलेली चकती खरंच तिथली वाटते.

परत घेईन का? हो, पण याच विकणाऱ्याकडून घ्यायची तर आधी मेसेज करून दोन गोष्टी विचारेन, सगळ्यात मोठा तुकडा किती सेंमीचा आणि सॅटिन कमी करून ट्वीड वाढवून मिळेल का. मापाबद्दल मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, उशिरा आलं पण नीट आलं. पहिल्यांदाच शिवणाऱ्यांनी मात्र सरसकट मिक्स बॅग न घेता नुसत्या सोफ्याच्या कापडाची घ्यावी, ते सरकत नाही, फार उसवत नाही आणि ९०/१४ किंवा १००/१६च्या सुईने घरच्या मशीनवर सरळ शिवलं जातं.

बोटाएवढ्या चिंध्या पण टाकू नका. बसलच्या (मागून फुगवलेल्या) स्कर्टखाली मागे बांधायची उशी असते ना, तिच्यात भरा, फक्त नुसत्या चिंध्यांनी ती जड होऊन खाली ओढते, तेव्हा निम्मा फायबर घाला आणि बांधायची पट्टी रुंद ठेवा.